नारोपंतांचा उजवा पाय

१

"अक्का, आमचे हे परत गेले गं."

फोनवर एवढंच आलं आणि पुढे नुसता हुंदका. शिवलीलाअक्कांनी हातातली फुलवात तबकात ठेवली. भगवंतरावांना देवाघरी जाऊन पाच वर्षं होत आली होती. चार दिवसांवर त्यांची पुण्यतिथी. एकदा गेलेला माणूस परत कसा जाणार?

दुसरं कुणी असतं तर म्हातारीला भ्रम झाला म्हणून फोन ठेवून दिला असता. पण अक्कांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून काढलेली. खोटं रडू कोणतं, खरं कोणतं, हे त्यांना पहिल्या श्वासात कळायचं. हे खरं होतं.

"चंद्राबाई, स्वल्प पाणी प्या आणि मग सांगा. नारोपंतांना काही झालं का?"

"तीन आठवडे झाले. एक अक्षर नाही. मी निपाणीहून आल्यापासून तोंडच उघडलं नाही त्यांनी. तीन दिवसांपूर्वी नुसती एक शिट्टी मारली. अक्का, या वर्षी पुण्यतिथीला देवाला कोण बोलवणार गं?"

अक्कांनी चपला पायात सरकवल्या.

आता नारोपंत कोण, हे आमच्या या कानडी शहरात राजाजीनगरातल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही लांबचे म्हणून सांगायला हवं. नारोपंत म्हणजे पोपट. आपल्या पेरू खाणाऱ्या राघूच्या जातीचा नव्हे, पार ॲमेझॉनच्या रानातला. अंगानं कोंबडीच्या पिलासारखा गुबगुबीत, हिरवागार, कपाळावर निळी पट्टी, गालांवर हळद लावल्यासारखं पिवळं. भगवंतराव बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तन करायचे. सोळा वर्षांपूर्वी तिथला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परत निघाला. त्याच्याकडचे दोन पोपट त्यानं वाटून टाकले. एक भगवंतरावांना, दुसरा त्यांच्या कीर्तनात पेटी वाजवणाऱ्या व्यंकोजींना. जाताना बजावून गेला, "हे साठ साठ वर्षं जगतात. बोलत राहा त्यांच्याशी, नाहीतर झुरतात."

भगवंतरावांना बोलायला सांगावं लागत नव्हतं. कीर्तनाला उभे राहिले की आधी चिपळ्या नाहीत, नमन नाही. आधी माणसांनी भरलेल्या खोलीकडे बघून म्हणायचे, "सरका, सरका! देवाला बसू द्या!" मग गर्दी हसत हसत तसूभर सरकायची, मधोमध हातभर जागा व्हायची, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत बुवा कीर्तन सुरू करायचे. नारोपंतांनी हे वाक्य उचललं ते असं की, डोळे मिटले तर पिंजऱ्यात बुवाच बसलेत असं वाटावं. तोच घोगरा गोडवा, 'देवाला'वर तोच लाडिक हेलकावा.

आणि टेप? बुवांनी आयुष्यभर टेपरेकॉर्डर समोर ठेवू दिला नाही. "डब्यात भरलेलं लोणचं टिकतं, कीर्तन नाही," म्हणायचे. म्हणून ते गेले तेव्हा त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला. नारोपंतांच्या गळ्यात.

तोच आता बंद झाला होता.

२

चंद्राबाईंच्या घरी पोचल्यावर अक्कांना वाटलं, आपण चुकून देवळात आलो. दारात सात-आठ चपलांचे जोड. पिंजऱ्याला झेंडूची माळ, पुढ्यात उदबत्ती.

"उदबत्ती आधी लांब न्या," अक्का म्हणाल्या. "पाखरांना धूर सोसत नाही. हे काय चाललंय?"

"चमत्कार, अक्का!" शेजारच्या बायकांनी एकदम सांगितलं. "नारोपंत उजव्या पायानं प्रसाद घेतात!"

अक्कांनी आ वासला. नारोपंतांचा डावा पाय ही बुवांची जन्माची खंत. ॲमेझॉनचा पोपट एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात घास धरतो, मुलानं हातात लाडू धरावा तसा. नारोपंत धरायचे डाव्यात. बुवांना प्रसाद डाव्यात घेतलेला खपेना. सात वर्षं त्यांनी प्रयत्न केले. उजवीकडून दिला तर पंत मान वळवून डाव्यातच घ्यायचे. डाव्या पायाला मऊ फडकं बांधलं तर उपाशी बसायचे, पण उजवा उचलायचे नाहीत. शेवटी बुवांनी हात टेकले. "याचा डावा हाच उजवा," म्हणाले, "देवाला चालतं, मी कोण?"

आणि आता बायकांच्या देखत अक्कांनी केळ्याची चकती पुढे केली. पोपटानं काळजीपूर्वक डाव्या पायावर तोल सांभाळला, उजवा उचलला आणि चकती धरली.

बायकांनी हात जोडले. खोटं कशाला बोला, अक्कांनीही जोडले. भल्याभल्यांना पुण्यतिथीच्या आधी असे साक्षात्कार झाल्याच्या कथा त्यांनी कीर्तनात ऐकल्या होत्या, आणि ऐकताना रडल्याही होत्या. मौन धरलं, आचार सुधारला. पंत विरक्त झाले म्हणायचे!

"पिसं पण झडली बघ त्यांची," चंद्राबाई चाचपडत म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो पिकायची वाट डॉक्टर बघत होते. "सून म्हणत होती गालावरचं पिवळं कमी दिसतं. मला काय दिसतंय? मला नुसतं ऐकू यायचं गं. तेवढंच होतं."

अक्कांना ते ऐकवेना. वातावरण हलकं करावं म्हणून त्यांनी पिशवीतून झांजा काढल्या. कीर्तनात त्यांची झांज ठरलेली, आणि झांज वाजली की नारोपंत पिंजऱ्यात पिसारा फुलवून डोलायचे, बाहुल्या लहानमोठ्या करत डोळे गरगरवायचे. त्यांनी हलकेच एक ठोका दिला.

पोपट किंचाळला. पिंजऱ्याच्या गजांवर धडकला, खाली पडला आणि कोपऱ्यात अंग चोरून थरथरत बसला.

सोळा वर्षं झांजेच्या नादात वाढलेला पक्षी झांजेला घाबरला होता.

३

"तिनं काहीतरी पाजलंय त्याला," चंद्राबाई अक्कांच्या कानाशी कुजबुजल्या. "सूनबाईनं. पहाटे पाचला ओरडायचा ना, तिची झोप मोडायची. बाटली सापडली मला तिच्या कपाटात. मी बोलत नाहीये तिच्याशी."

सूनबाई नयना स्वयंपाकघरात होती. पुण्याची मुलगी, चंद्राबाईंच्या रणजीतशी लग्नाला दोन वर्षं, एका कंपनीत नोकरी. डोळे सुजलेले.

"मावशी, तुम्ही पण इन्क्वायरीला आलात?"

"मी चहाला आले. इन्क्वायरी चहानंतर."

नयनाला हसू आलं, आणि हसता हसता रडू. "रणजीत म्हणतो, पुण्यतिथी होईपर्यंत पुण्याला जा, आईला शांत होऊ दे. बॅग काढून ठेवलीय. मी त्या पक्ष्याला काही केलं नाही हो! गप्प का झाला म्हणून व्हेटकडे गेले, त्यांनी व्हिटॅमिन्सचे ड्रॉप्स दिले. पाजायच्या आधीच आईंना ती बाटली माझ्या कपाटात सापडली. ही बघा."

अक्कांनी बाटली उजेडात धरली. झाकणाचं सील जसंच्या तसं होतं. औषध पाजायला आधी बाटली उघडावी लागते.

"पहाटेच्या ओरडण्याचा राग यायचा ना पण?"

"यायचा. खूप यायचा. आणि चावायचा ते वेगळंच. ही बघा बोटं. मी पिंजऱ्याजवळ गेले की फणा काढल्यासारखा यायचा. म्हणून तर आई निपाणीला ताईंच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा अडीच महिने त्याला यशवंतपूरला, व्यंकोजीकाकांकडे ठेवला. मी कशी सांभाळणार?"

"आणि आता?"

नयना क्षणभर घुटमळली. मग अक्कांचा हात धरून बाहेर आली, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मनगट पुढे केलं. पोपट शांतपणे मनगटावर चढला, तिच्या बांगडीशी खेळू लागला.

"मौनी झाला, प्रेमळ झाला," नयना खिन्नपणे म्हणाली. "शेजारच्या बायका म्हणतात, बघा, काहीतरी करणी केलीय हिनं, नाहीतर जन्माचा वैरी असा हातावर येईल?"

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला आणि पोपटानं चोच वर करून लांबलचक शिट्टी घातली. एक लांब, थांबून आणखी एक लांब. इतकी तंतोतंत की अक्का दचकल्या. हातातली कपबशी सुटली.

आणि त्यांच्या हातानं ती हवेतच झेलली. डाव्या हातानं.

अक्का कपबशीकडे बघतच राहिल्या. त्या जन्माच्या डावऱ्या. निपाणीच्या शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून उजव्या हातानं लिहायला लावलं. जेवतात उजव्यानं, तीर्थ घेतात उजव्यानं, आरती करतात उजव्यानं. साठ वर्षं. पण दचकल्या की? अजून डावाच पुढे येतो.

"नयना, एक शेंगदाणा दे. नाही, त्याला दाखवू नकोस."

त्यांनी शेंगदाणा पोपटाच्या अंगावर अचानक टाकला. त्यानं तो छातीशीच पकडला. उजव्या पायात. शिष्टाचार नाही, प्रसाद नाही, विचार करायलाही सवड नाही. तरी उजव्यात.

"बॅग परत कपाटात ठेव," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. चमत्कार मोडताना कुणाला बरं वाटतं? "आणि सासूला इतक्यात काही बोलू नकोस. हे नारोपंत नव्हेत."

४

यशवंतपूरला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर व्यंकोजींचं दोन खोल्यांचं घर. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. बुवांच्या मागे तीस वर्षं पेटी धरून बसलेला माणूस. बुवा एखाद्या ओळीत अडखळले तर पेटीच्या एका सुरात त्यांना वाट दाखवायचे.

शिट्टी अक्कांच्या डोक्यातून जात नव्हती. ती मालगाडीच्या गार्डाची शिट्टी होती. अडीच महिन्यांत पोपट शिट्टी शिकू शकतो, कबूल. पण त्यासाठी सोळा वर्षांचा आवाज पुसून टाकतो?

"अय्यो, अक्का! या, या. कॉफी करतो," व्यंकोजी दारात आडवे उभे राहून म्हणाले. आत या म्हणायचं आणि दार अडवायचं, हे दोन्ही एकदम कसं जमतं, हे अक्का बघत राहिल्या.

"गेल्या तीन गुरुवारी भजनाला आला नाहीत, अण्णा. तीस वर्षांत पेटीशिवाय गुरुवार बघितला नव्हता मी."

"गुडघे. गुडघ्यांनी घात केला बघा."

गुडघे दुखणारा माणूस कॉफी करायला टुणकन उठला. त्याच्या धोतराला लाकडाचा भुसा चिकटलेला होता. डाव्या हाताच्या अंगठ्यावर ताजी चोच मारल्याची खूण.

"तुमचा रामू कुठाय? राजाजीनगरला कधी आणलाच नाही तुम्ही. बुवा म्हणायचे, दोघे भाऊ भाऊ, एकत्र आले तर भांडतील."

"आजारी आहे. आतल्या खोलीत. डॉक्टर अंधारात ठेवा म्हणालेत." मागच्या खोलीच्या बंद दाराकडे त्यांनी बघितलं आणि नजर झटकन काढून घेतली.

अक्कांचीही नजर फिरत होती. ताटलीत उकडलेले मूग, पपई, मऊ मक्याचे दाणे, सगळं बोटांनी कुस्करलेलं. बाजूला लांब दांड्याचा चमचा. स्वतःच्या चोचीनं खाऊ शकणाऱ्या पोपटाला चमच्यानं कोण भरवतं?

कॉफी पिऊन त्या परसात हात धुवायला गेल्या. तुळशीवृंदावनाच्या मागे, उन्हात, वर्तमानपत्राखाली एक सूप झाकलेलं होतं. वाऱ्यानं कागदाचा कोपरा उडाला.

सुपात अंड्याची टरफलं वाळत होती.

जन्मात कांदा न चाखलेल्या माळकऱ्याच्या घरी, तुळशीच्या पायाशी, अंड्याची टरफलं!

"गुलाबांना घालतो," मागून व्यंकोजी घाईघाईनं म्हणाले. "खत."

परसात एकही गुलाब नव्हता.

अक्का हात पुसत उभ्या राहिल्या. बंद खोली, भुसा, चमच्यानं भरवणं, टरफलं, घर सोडून न जाणारा माणूस... एकेक मणी ओवला गेला आणि एकदम त्यांच्या छातीत काहीतरी उमललं. त्यांना हसावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि या सज्जन म्हाताऱ्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या.

"सरी, ठीक आहे, अण्णा," एवढंच त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी येते. एकटी नाही येणार."

५

दुसऱ्या दिवशी दोन रिक्षा यशवंतपूरला थांबल्या. एकीतून चंद्राबाई आणि अक्का उतरल्या, दुसरीतून चंद्राबाईंचा मुलगा रणजीत, नयना आणि तिच्या मांडीवर फडक्यानं झाकलेला पिंजरा. पिंजऱ्यातून वाटभर शिट्ट्या चालल्या होत्या. घराचा रस्ता ओळखल्यासारख्या.

व्यंकोजींनी पिंजरा बघितला आणि खांबाला टेकले.

"बसा सगळे," अक्का म्हणाल्या. "कीर्तनासारखंच सांगते. आधी पूर्वरंग, म्हणजे सिद्धांत. मग उत्तररंग, म्हणजे कथा. मध्ये कुणी उठायचं नाही. रणजीत, तू तर मुळीच नाही."

रणजीत तोंड मिटून बसला.

"सिद्धांत असा, की वळण लावता येतं, मूळ बदलता येत नाही. माझा डावा हात साठ वर्षांत सुटला नाही. बुवांसारख्या माणसाला सात वर्षांत नारोपंतांचा डावा पाय सोडवता आला नाही. तो तीन आठवड्यांत आपोआप कसा सुटेल? झांजेला घाबरणारा, नयनाच्या हातावर बसणारा, गार्डाची शिट्टी घालणारा, गालांवर पिवळं कमी असलेला. चंद्राबाई, नारोपंत गप्प झालेच नाहीत. तुमच्या घरात ते आलेच नाहीत. हा व्यंकोजींचा रामू आहे."

चंद्राबाईंचा हात हवेत तसाच राहिला. "मग आमचे...?"

"आपण सगळ्यांनी चमत्कार म्हणून हात जोडले. मीसुद्धा. खोटेपणा समोर ठेवला असता तर ओळखला असता; पण भक्ती समोर ठेवली, म्हणून फसलो."

"काका!" रणजीत ताडकन उठला. "तुम्ही आमचा पोपट ठेवून घेतलात? आणि मी इथे माझ्या बायकोला घरातून—"

"उठायचं नाही म्हटलं ना," नयना हळूच म्हणाली. तो बसला.

"आता उत्तररंग," अक्का व्यंकोजींकडे वळल्या. "का ठेवून घेतला? अण्णांना हाव नाही, ते मी तीस वर्षं बघतेय. मग माळकऱ्याच्या घरी अंड्याची टरफलं कशाला? कोंबडीच्या अंड्याची टरफलं कुटून पाखराला देतात, ती चुन्यासाठी. कुठल्या पाखराला? ज्याच्या अंगातला चुना संपलाय. चुना कशानं संपतो? अण्णा, पुढचं तुम्ही सांगा. की मी सांगू?"

व्यंकोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून आवाज आला, "अंडी घातली हो, वहिनी. तीन."

"कुणी?" चंद्राबाईंना काही कळेना.

"नारोपंतांनी."

रुळांवरून एक मालगाडी खडखडत गेली.

"या जातीत नर-मादी सारखेच दिसतात," अक्का म्हणाल्या. "त्या इंजिनियरनं जोडी दिली असेल, आपण दोन भाऊ समजलो आणि सोळा वर्षं वेगळी ठेवली. कीर्तन म्हणतो म्हणजे बुवाच असणार, एवढा साधा हिशोब केला आपण."

व्यंकोजींच्या तोंडून आता शब्द थांबेनात. "पहिल्यांदाच दोघं एका घरात आले, अक्का. पहिले आठ दिवस एकमेकांकडे बघेनात. मग एके दिवशी रामू स्वतःच्या चोचीतला घास पंतांना भरवताना दिसला. मी म्हटलं, बंधुप्रेम! वहिनी यायच्या आदल्या दिवशी सकाळी जुन्या चहाच्या खोक्यात बघतो तर पांढरं अंडं. त्या दिवशी जागचे हलेनात पंत. मी पुस्तकांच्या दुकानात उभ्यानं वाचून आलो. सव्वीस दिवस ऊब लागते. आई हलवली तर टाकून देते अंडी."

"मग मला सांगायचं ना, भावजी!" चंद्राबाई म्हणाल्या.

"काय सांगणार? पुण्यतिथी तोंडावर. तुम्ही त्या आवाजावर जगताय, हे मला ठाऊक नाही? आणि रणजीत पहिल्याच दिवशी रिक्षा घेऊन दारात उभा राहिला. मला सुचेना. रामूला पिंजऱ्यात घातलं आणि दिलं. वाटलं, सव्वीस दिवसांचाच प्रश्न, मग गुपचूप बदलीन."

"एवढंच?" अक्कांचा आवाज मऊ झाला होता. एक्स्चेंजमध्ये त्यांना कळायचं, अजून लाईनवर कुणीतरी थांबलंय.

व्यंकोजींनी उपरण्यानं डोळे पुसले. "नाही. एवढंच नाही. अडीच महिने या घरात बुवा बोलत होते, अक्का. पहाटे पाचला 'सरका, सरका'. मी उठून पेटीवर सूर धरायचो. आणि मग मनात आलं, पंतही म्हातारे होतील. पण पिल्लू झालं, आणि आईच्या मांडीवर शिकलं, तर बुवांचा आवाज आणखी साठ वर्षं राहील. आपण सगळे गेल्यावरसुद्धा. देवाला कुणीतरी जागा करत राहील." ते खाली वाकले. "त्या लोभापायी तुमचा आवाज मी तुमच्यापासून चोरला, वहिनी. आणि या पोरीवर आळ आला, ते मला आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. माळेची शपथ."

चंद्राबाईंनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. रणजीत घाबरून पुढे झाला. पण त्या हसत होत्या. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

"सोळा वर्षं... सोळा वर्षं मी तिला पंत म्हणून हाक मारली! आणि नयना, तुला का चावायची ते कळलं का गं? तू यायच्या आधीपासून घरातली थोरली सून तीच होती ना!" त्यांनी चाचपडत नयनाचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. "मी माझ्या लेकीचं बाळंतपण करायला निपाणीला गेले, आणि माझी दुसरी लेक इथं खोक्यात... चुकले गं बाळ. तुझ्यावर उगीच आळ घेतला."

नयनानं मान हलवली.

"आणि तुम्ही, भावजी! बाळंतिणीचा नवरा तीन आठवडे आमच्या घरी डांबून ठेवलात? तिला घास कोण भरवणार?"

"मी भरवतो ना. चमच्यानं," व्यंकोजी ओशाळून अंगठा दाखवत म्हणाले. "चावते."

"चावणारच! सोडा त्याला आधी."

मागच्या खोलीचं दार फटभर उघडलं. नयनानं पिंजरा आत नेऊन त्याचं दार उघडलं. रामू बाहेर आला, क्षणभर अंधाराचा अंदाज घेतला, ताटलीतला मक्याचा दाणा उजव्या पायात उचलला, चोचीत घेतला आणि खोक्याच्या काठावर जाऊन वाकला. आतून गुरगुरल्यासारखा आवाज आला. मग एक डावा पाय वर आला आणि त्यानं रामूच्या मानेची पिसं घट्ट पकडली.

"भांडतायत का?" चंद्राबाईंनी विचारलं.

"हो," अक्का म्हणाल्या. "नवराबायकोसारखे."

६

त्या वर्षी पुण्यतिथी यशवंतपूरला झाली. दोन खोल्यांच्या घरात पन्नास माणसं. झांजा नाहीत, टाळ्या नाहीत. बाळंतीण बिचकेल म्हणून चंद्राबाईंनी सक्त ताकीद दिलेली. अक्का झांजा मांडीवर उलट्या ठेवून बसल्या होत्या. व्यंकोजींची पेटी अशी दबकी होती की सूर कमी आणि भात्याचा श्वास जास्त ऐकू यावा. नयनानं केलेल्या डाळीच्या कोसंबरीचा वास घरभर होता, आणि माणसं दाटीवाटीनं, गुडघ्याला गुडघा लावून, मागच्या खोलीच्या फटभर उघड्या दाराकडे बघत होती.

दरवर्षी पंतांच्या हाकेनं भजन सुरू व्हायचं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खोक्यात सामसूम.

"राहू द्या," चंद्राबाई म्हणाल्या. "अंड्यावर बसलेलीला बोलायला लावायचं नसतं. सुरू करा, भावजी. हे काय कुठे जात नाहीत आता." त्यांचा आवाज शेवटी किंचित चिरला, एवढंच.

व्यंकोजींनी मान हलवली आणि सूर धरला. बुवांचा सूर. तीस वर्षं धरलेला, त्यांना वाट दाखवणारा तोच एक सूर. तो हलकेच दारापर्यंत गेला, फटीतून आत शिरला.

खोक्यात भुसा सळसळला.

"सरका, सरका," भगवंतराव म्हणाले. घोगरं, गोड, जरासं झोपाळलेलं. "देवाला बसू द्या."

आणि नव्या-जुन्या पन्नास माणसांनी, कुणी सांगितलं नसताना, हसत, डोळे पुसत, अंग चोरून तसूभर सरकून घेतलं. खोलीच्या मधोमध हातभर जागा झाली.